मटारच्या दाण्याएवढं क्रीम

रंगाच्या बाबतीत आमच्या कारखान्यात माझ्याशी कुणी वाद घालत नाही. रबाळ्याला औषधांचे आणि कॉस्मेटिकचे बॉक्स छापणारा हा कारखाना, आणि मी तिथे चोवीस वर्षं क्वालिटीला आहे. काम सांगायला सोपं आहे. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीने, सही करून पाठवलेलं शेड कार्ड एका हातात धरायचं, मशीनवरून आलेला छापील कागद दुसऱ्या हातात, आणि पांढऱ्या दिव्याखाली दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. कार्डावर एकाच रंगाच्या तीन पट्ट्या असतात. मधली बरोबर, एक थोडी फिकट, एक थोडी गडद. छपाई या तिघींच्या आत बसली तर पास, नाहीतर लॉट बाजूला. मशीनवाले मला मनातल्या मनात शिव्या घालतात. घालू देत. माझी सही झालेला माल आजवर रंगापायी परत आलेला नाही.

बोंब एवढीच की हा डोळा घरी आल्यावर बंद करता येत नाही. सोसायटीच्या भिंतीला दिलेला रंगाचा दुसरा हात पहिल्यापेक्षा पिवळट आहे, हे मला गेटातूनच कळतं. नवऱ्याच्या दोन पांढऱ्या शर्टांतला फरक कळतो. आणि याच डोळ्याने मी माझ्या पोरीचा गाल बघत आले. सांगताना मला स्वतःचीच चीड येते, तेव्हा कुठे आवाज चढला तर समजून घ्या.

पोरगी रंगाने माझ्यावर गेली, आणि मी माझ्या आईवर. आईचं निम्मं आयुष्य खाडीकडच्या मिठागरात गेलं. वरून ऊन आणि खालून पांढऱ्या मिठाची तिरीप. काळीभोर होती ती, अजून आहे, आणि तिला त्याचं काडीचं दुःख नाही. आरशात बघायची ती कुंकू सरळ लागलंय का, एवढ्यापुरतं. दुःख माझ्या वाट्याला आलं, कारण मला दिली ती उजळ माणसांच्या घरात. आमच्या आगऱ्यांत हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडव भरून माणसं, गाणी, जेवणं. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन सासरकडच्या बायका आल्या, आणि त्यांच्यातली एक माझ्या गालावर हात फिरवून मोठ्याने बोलली, "हिच्यावर हळद दिसतच नाय गो, अजून लावा!" अख्खा मांडव हसला. मीपण हसले. काय करणार होते?

मग पोरगी झाली. बघायला येणाऱ्या बायका आधी तिचे कान बघायच्या. तान्हं मूल गुलाबी दिसतं, पण कानाच्या कडेला मोठेपणचा खरा रंग असतो म्हणतात. एकेक जण टोपडं बाजूला सारायची, कान बघायची, आणि "असू दे, तब्येत छान आहे हो" म्हणत टोपडं पुन्हा ओढायची. त्या 'असू दे'चा मला इतका संताप यायचा! आणि सगळ्या गेल्यावर मी काय केलं? मीसुद्धा टोपडं सारून कान बघितला. गडद पट्टीच्याही बाहेर होता. कारखान्यात असता तर मी लॉट थांबवला असता.

पोरीला मात्र कशाचं काही पडलेलं नव्हतं. खो-खोच्या टीममध्ये होती. भर दुपारी मैदानात धावायची आणि घामेजलेल्या तोंडाने येऊन फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी राहायची. मी ओरडायचे, "अजून किती काळी होणार आहेस?" ती बाटली तोंडाला लावूनच हसायची. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले की त्याला गणती नाही. एवढं मात्र आठवतं की पुढे पुढे तिचं ते हसणं बंद झालं, आणि मला वाटलं, चला, पोरीला आता समज आली.

ती नववीत असताना आमच्या पॅकिंगमधली एक बाई महिन्याभरात अशी उजळली की सगळ्याजणी तिच्या मागे लागल्या. आधी तिने ताकास तूर लागू दिली नाही. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत मला कोपऱ्यात घेऊन तिने माझ्या तळहातावर पेनाने एका ट्यूबचं नाव लिहिलं. "कोणाला बोलू नको. रोज लाव, मटारच्या दाण्याएवढं. जास्त नाय." मी दिवसभर तो हात धुतला नाही. डबासुद्धा चमच्याने खाल्ला.

आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगखालीच मेडिकल आहे. दुकानदाराने नाव ऐकलं, मागे वळूनही न बघता हात वर केला आणि बॉक्स काढून काउंटरवर ठेवला, इतका तो खपत होता. चिठ्ठी विचारली नाही, कोणासाठी ते विचारलं नाही. बॉक्स हातात आल्यावर मी सवयीने छपाई बघितली. गुलाबी छटा जरा मंद होती. अक्षरं स्वच्छ होती. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभी लाल रेघ होती, ती कुठे तुटलेली नव्हती. कुणीतरी मन लावून काम केलंय, असं वाटून बरंच वाटलं मला. असं माझं डोकं.

तेव्हापासून आमच्या घरात एक नेमच झाला. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की पोरगी तोंड धुऊन माझ्यासमोर खाली बसायची. मी सोफ्यावर. तिची हनुवटी डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताच्या बोटाने क्रीम लावायचं. आधी कपाळ, मग दोन्ही गाल, मग नाक. मागितलं नव्हतं तिने. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर नातेवाइकांत मी "आजकालच्या पोरींना गोरं व्हायचं वेडच असतं" असं बोलून मोकळी झाले होते. वेड माझं होतं. ती गुपचूप डोळे मिटून बसायची.

तीन आठवड्यांत फरक दिसला. आणि काय फरक! चेहरा तुकतुकीत, एक डाग नाही, पुटकुळी नाही. दर रविवारी सकाळी मी तिला खिडकीपाशी न्यायचे, तिचा हात कोपरापाशी वळवून आतली बाजू गालाला लावायला सांगायचे आणि दोन्ही रंग जुळवून बघायचे. हाताची आतली बाजू म्हणजे माझं शेड कार्ड. दोन महिन्यांत गाल हाताच्याही पुढे गेला. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो पेपरातून वर बघून "हो, आहे खरी" एवढंच बोलला, पण मी त्या दिवशी गोडाचं केलं.

नंतर एका पुतणीच्या हळदीला गेलो, तर तीच बाई, माझ्या हळदीला बोलली होती ती, आता म्हातारी झालेली, पोरीचा चेहरा धरून म्हणाली, "पोर उजलली गो! काय लावतेस हिला?" मी म्हटलं, "काय नाय. दूध आणि बेसन." सगळ्याजणी असंच सांगतात. मला त्या रात्री, खोटं कशाला बोलू, सूड घेतल्यासारखं वाटलं. पोरगी शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

कुरबुर सुरू झाली ती दहावीनंतर. कुठे चार दिवस गेलो आणि ट्यूब घरी राहिली, की तिच्या गालांची आग व्हायची, लालबुंद व्हायचे, बारीक पुळ्या यायच्या. "आई, झोंबतंय गं." मी म्हणायचे, "बघ, लावलं नाहीस म्हणून." परत लावलं की दोन दिवसांत सगळं शांत. म्हणजे क्रीम किती गुणाचं, असा आम्ही अर्थ काढला. मग उन्हात गेली की गाल पेटायला लागले. मग कानशिलापासून हनुवटीपर्यंत बारीक काळी लव आली, ती पार्लरमध्ये जाऊन काढायची. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल धाग्यासारख्या शिरा दिसू लागल्या. हे सगळं मला दिसत होतं. अर्ध्या छटेचा फरक पकडणारी बाई मी, मला दिसत नव्हतं असं कोण म्हणेल? पण मी बघत होते फक्त उजळ आहे की नाही. तेवढ्यापुरता माल पास होता.

बारावीनंतर तिने हॉटेल मॅनेजमेंट घेतलं. तिला फ्रंट ऑफिसला उभं राहायचं होतं, म्हणजे हॉटेलात शिरल्यावर जी हसून स्वागत करते, खोली देते, तिथे. तीन वर्षं तिच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. आरशासमोर उभी राहून "गुड इव्हिनिंग" म्हणायची, तेही चार वेगवेगळ्या आवाजांत, आणि आम्ही हसलो की उशी फेकून मारायची. शेवटच्या वर्षी महाप्याच्या एका मोठ्या हॉटेलात तिची सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी निवड झाली, तीही फ्रंट ऑफिसलाच. वर्गातून एकटीची. त्याआधी पंधरा दिवस कॉलेजचा कॅम्प होता. कॅम्पच्या दुसऱ्याच दिवशी ट्यूब संपली आणि तिथे आसपास मेडिकल नव्हतं.

ती परत आली तेव्हा दार मी उघडलं. मी तिला ओळखलं, पण एक क्षण उशिराने. दोन्ही गाल सुजून तांबडे-काळे झालेले, त्यांवर पिवळ्या तोंडाच्या पुळ्या, कातडी सोलून निघालेली. डोळ्यांखालचा भाग तेवढा वाचलेला. ती आत आली आणि पहिलं वाक्य बोलली ते, "आई, ट्यूब आण पटकन. सोमवारी जॉइन व्हायचंय." मी चप्पल घातलीसुद्धा. नवऱ्याने हात धरला माझा. सहसा घरात तोंड न उघडणारा माणूस, पण तेव्हा ओरडला, "डॉक्टर! आधी डॉक्टर!"

बेलापूरला, सीबीडीत, एक कातडीच्या डॉक्टर आहेत, माझ्यापेक्षा लहान, बोलायला शांत. त्यांनी भिंग लावून पोरीचा चेहरा बघितला आणि विचारलं, "काय लावत होतात?" मी म्हटलं, "साधंच क्रीम. सगळे लावतात ते." पोरीने पर्समधून रिकामी ट्यूब आणि तिचा चेपलेला बॉक्स काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी बघितलं न बघितलं आणि विचारलं, "किती वर्षं?"

"सहा," पोरगी म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सावकाश सांगितलं की यात स्टिरॉइड आहे, हे क्रीम नाही, औषध आहे, तेही डॉक्टरच्या नजरेखाली थोडे आठवडे द्यायचं. सहा वर्षांत चेहऱ्याची कातडी पातळ झाली आहे, आणि तिला आता त्याची सवय लागली आहे. अचानक बंद झालं म्हणून ती अशी उसळली. पण उपाय दुसरा नाही. परत लावायचं नाही. आधी अजून बिघडेल, आणि मग हळूहळू, कित्येक महिन्यांनी, बरं होईल. शिरा कदाचित राहतील. "आणि तुमच्यासारख्या रंगावर," त्यांनी हे दोघींकडे बघून सांगितलं, "एक पुळी गेली तरी तिचा काळा डाग महिनोन् महिने राहतो. म्हणून अशा त्वचेला जास्त जपायचं असतं. घासायचं नाही, लिंबू नाही, बेसन नाही, ब्लीच नाही. ती मुळात चांगली, मजबूत त्वचा असते. तिला काही करायची गरज नव्हती."

मग त्यांनी तो बॉक्स उचलला, माझ्यासमोर धरला आणि त्या उभ्या रेघेवर पेनाचं टोक ठेवलं. "ही लाल रेघ असली की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. माहीत नव्हतं तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं.

आता ऐका. कारखान्यात लागले त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी औषधाचा एक बॉक्स उघडा पसरून मला शिकवलं होतं. ही रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि ही कुठे तुटली तर पार्टी अख्खा माल परत पाठवते. चोवीस वर्षं मी त्या रेघा तपासत आले. भिंग लावून बघते मी ती, कुठे बारीक झाली का, कडेला पसरली का. नवीन मुली आल्या की मीच त्यांना शिकवते, अगदी त्याच शब्दांत. मला माहीत नव्हतं? मला माहीत नाही तर कोणाला माहीत असणार होतं! पण मेडिकलवाल्याच्या काउंटरवर मी ती रेघ सरळ आहे का, तेवढंच बघितलं. तिचा अर्थ कारखान्यातच ठेवून आले होते. म्हणजे मला आठवलंच नाही, असं मला म्हणायला आवडलं असतं. आठवलं होतं. एकदा, दुकानाच्या पायरीवर. मी मनात म्हटलं, सगळे घेतात, काय होतंय.

आणि पोरगी काय म्हणाली? तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाली, "तिला काय माहीत असणार, मॅडम? मेडिकलवाल्याने द्यायलाच नको होतं." सुजलेल्या तोंडाने तिला नीट बोलताही येत नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली. मी जमिनीत गाडले गेले तरी चाललं असतं मला, पण मी खुर्चीत बसून राहिले आणि मान हलवली. तिच्या बोलण्याला दुजोरा दिला मी.

सोमवारी ती महाप्याला गेली नाही. हॉटेलवाल्यांनी पंधरा दिवस थांबतो म्हटलं. पंधरा दिवसांनी चेहरा आणखी भयंकर झाला. मग ते म्हणाले, फ्रंट ऑफिस नाही जमणार, लाँड्रीत जागा आहे. ती फोनवर "थँक यू सर" म्हणाली, अगदी त्या शिकलेल्या गोड आवाजात, आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून बसली. तिची जागा वर्गातल्या दुसऱ्या मुलीला मिळाली.

ते सहा-सात महिने आमच्या घरात कुणी मोठ्याने हसलं नाही. पडदे दिवसभर ओढलेले. गॅसजवळ ती येऊ शकत नव्हती, वाफेने गाल पेटायचे. गार पाण्यात मऊ फडकं भिजवून ती ते चेहऱ्यावर ठेवून पडून राहायची. डॉक्टरांनी अगदी साधं लावायला सांगितलं होतं. सौम्य साबण, बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि उन्हाचं क्रीम, घरात असलं तरी. पहिलं आणलेलं उन्हाचं क्रीम तिच्या रंगावर राख फासल्यासारखं पांढरं दिसलं. तिने आरशात बघितलं आणि बोलली, "हे बघ, झाले गोरी." मी तोंड फिरवलं. मग डॉक्टरांनी दुसरं सांगितलं, मातकट रंगाचं, ते बरं बसलं. आपल्यासारख्यांना ऊन लागत नाही असं मी जन्मभर धरून चालले होते. तेही चूकच.

याच दिवसांत गोठिवलीहून माझी आई आली. दम खात जिना चढली, नातीसमोर बसली आणि तिची हनुवटी धरून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "काय केलास गो पोरीच्या तोंडाचा? आमी मिठागरान उन्हान उभ्या रायलो, कोनाचा त्वांड असा नाय जलला." मी म्हटलं, "मेडिकलवाल्याने चुकीचं दिलं." तोवर हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं, की विचारायच्या आत बाहेर यायचं. सोसायटीत मी त्या दुकानदाराविरुद्ध बायकांना चिथवलंसुद्धा. खालच्या मजल्यावरची एक तर त्याच्याशी कडाकडा भांडून आली. तो बिचारा, बिचारा कसला, चोरच, पण चोर तो एकटा नव्हता. त्याचं दुकान मला रोज जाता-येता दिसतं. आम्ही दोघं आता एकमेकांकडे बघत नाही.

हळूहळू सूज गेली. पुळ्या गेल्या. मागे राहिले ते काळे डाग, गालभर, मूळ रंगाहून कितीतरी गडद, आणि नाकाजवळच्या त्या लाल शिरा. डॉक्टर म्हणाल्या, डाग जातील, वेळ लागेल. पोरीने एका कुरिअर कंपनीत फोन घेण्याचं काम धरलं. तिथे चेहरा कुणाला दिसत नाही. "गुड इव्हिनिंग" तिथेही म्हणते. आवाजाची तारीफ होते म्हणाली.

मी तिला खरं कधी सांगणार होते? खरं बोलायचं तर, कधीच नाही. पण गेल्या महिन्यात आमच्या मशीनवर एका गोरेपणाच्या औषधी क्रीमचा जॉब लागला. नाव दुसरं, आतला माल तोच, बॉक्सवर लिहिलेलंच होतं. मी शीट दिव्याखाली घेतली. गुलाबी मधल्या पट्टीशी जुळली. अक्षरं स्वच्छ. लाल रेघ वरपासून खालपर्यंत सरळ, कुठे खोट नाही. मी भिंग लावून तीनदा बघितली, काहीतरी चूक सापडू दे रे देवा, म्हणून. नाही सापडली. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, काय झालं? पास करा ना, मशीन उभी आहे." छपाईत दोष नव्हता. मी काय म्हणून थांबवणार होते? सही केली मी.

त्या संध्याकाळी घरी आले ती चप्पल न काढताच तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ती पलंगावर बसून हेडफोनची गुंतलेली वायर सोडवत होती. मी सांगून टाकलं. सगळं. साहेबांनी काय शिकवलं ते, दुकानाच्या पायरीवर काय आठवलं ते, डॉक्टरांसमोर 'नाही' म्हणाले ते. "मला माहीत होतं बाळा. माहीत असून लावलं मी तुला." मला रडू फुटलं. खरं तर मी हा प्रसंग मनात कितीदा रंगवला होता. ती ओरडेल, काहीतरी फेकेल, किंवा गळ्यात पडेल आणि म्हणेल, जाऊ दे आई. यांतलं काहीही चाललं असतं मला.

ती वायर सोडवत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "मलापण माहीत होतं."

"काय?"

"बॉक्सवर लिहिलेलं असतं ना. रेघेच्या शेजारीच. डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका म्हणून. मी नववीतच वाचलं होतं, पहिल्याच आठवड्यात. अकरावीत तर नेटवर सगळंच वाचलं. फोटो बघितले लोकांचे."

माझं रडणं आपोआप थांबलं. "मग बोलली का नाहीस? अगं, एकदा तरी बोलायचंस! मी काय बळजबरी केली असती?"

तिने आता माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी तो झेलला असता. "तू रोज मला समोर बसवून माझं तोंड धरायचीस," ती म्हणाली. "आणि रविवारी खिडकीत बघून खूश व्हायचीस. त्याच्याआधी तू माझ्याकडे बघून कधी खूश झालेली मला आठवत नाही. मला वाटलं, बंद केलं तर हेपण बंद होईल."

मी काहीतरी बोलायला गेले. असं कसं म्हणतेस, तू माझी एकुलती एक, असलं काहीतरी. पण ती बारशापासून नववीपर्यंतची कुठलीतरी एक आठवण मागेल, आणि मला ती देता येणार नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. फ्रीजसमोर उभी असलेली, पाणी पिताना हसणारी ती मला दिसत होती, आणि माझं ओरडणं ऐकू येत होतं. दुसरं काही येईना. मी दारातच उभी राहिले आणि ती वायर गुंडाळून दुसऱ्या कामाला लागली.

आता ती बरी आहे. डाग फिके होत चाललेत, तिचा रंग परत येतोय, आणि तो सुंदर आहे. काळा आणि सुंदर, हे मी आता न चाचरता म्हणते, पण ऐकायला तिला वेळ नसतो. परवा संध्याकाळी दिवाबत्ती करून मी म्हटलं, "आण इकडे, ते मॉइश्चरायझर मी लावून देते." हात पुढेही केला होता मी. ती म्हणाली, "नको, माझं मी लावते," आणि खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं.